रेडिओ कंट्रोल ग्लायडर: बांधणी, सीजी (गुरुत्वमध्य) आणि ट्रिम

घारपंखी

"ग्लायडर बांधून झाला, आता ट्रिम कसा करू?" हा प्रश्न निरनिराळ्या धाग्यांवर येत राहतो आणि उत्तरंही तुकड्यातुकड्यांनी विखुरली जातात. ट्रिम म्हणजे स्टिकला हात न लावता मॉडेल सरळ तरंगेल अशी जुळवणी. सगळं एका जागी यावं म्हणून हा धागा. ज्यांनी बांधलेत, उडवलेत त्यांनी भर घालावी. जिथे पटत नाही तिथे जरूर खोडून काढावं.

माझं मत आधीच सांगून टाकतो. ट्रिमिंग टेबलावर सुरू होतं, ट्रान्समीटरची पाळी सगळ्यात शेवटी. आजच्या रेडिओत इतके मिक्स आणि फ्लाइट मोड असतात की प्रत्येक दोष तिथेच निस्तरायचा मोह होतो. पण काही दोष तिथे फक्त झाकले जातात. दोन उदाहरणं देतो.

समजा डावा पंख उजव्यापेक्षा जड आहे. तुम्ही एलेरॉनच्या, म्हणजे पंखाच्या टोकाकडच्या हलत्या पट्ट्यांच्या, ट्रिमने मॉडेल सरळ केलंत. वजनाचा ओढा वेग कितीही असो तेवढाच राहतो, एलेरॉनचा जोर मात्र वेगाच्या वर्गाने वाढतो. म्हणजे ते ट्रिम एकाच वेगाला बरोबर. वेग वाढला की मॉडेल उजवीकडे कलणार, कमी झाला की डावीकडे. यावर उपाय एकच, हलक्या टोकात शिशाचा तुकडा. पंख जोडून मॉडेल नाक आणि शेपटाच्या आधारावर तोलून बघा, एका मिनिटाचं काम आहे.

दुसरं, पंखाचा पीळ. एका टोकाचा ट्रेलिंग एज (मागची कड) खाली वळलेला असेल तर तिथे आपात कोन (पंख हवेला ज्या कोनात भिडतो तो) जास्त पडतो. सरळ उड्डाणात ट्रिमने तो दबतो खरा, पण थर्मलमध्ये (वर चढणाऱ्या गरम हवेत) हळू आणि घट्ट वळताना तेच टोक सगळ्यात आधी स्टॉल होतं (उचल गमावतं) आणि मॉडेल त्या बाजूला कोसळतं. लोक दोष वाऱ्याला देतात. म्हणून पहिल्या उड्डाणाआधी पंख सपाट फळीवर ठेवून दोन्ही टोकांचा ट्रेलिंग एज फळीपासून किती वर आहे ते मोजा. टोकाची कॉर्ड (पंखाची पुढून मागेपर्यंतची रुंदी) १४० मिमी असेल तर १ अंश म्हणजे साधारण अडीच मिमी. दोन्ही टोकांना सारखा वॉशआउट (टोकाचा ट्रेलिंग एज मुद्दाम थोडा वर) असेल तर उत्तम. वॉशआउट अजिबात नसेल तरी चालेल. दोन टोकांत फरक मात्र नको.

फिल्मने मढवलेल्या बाल्साच्या (हलक्या लाकडाच्या) पंखातला पीळ काढता येतो. पंख उलट दिशेला, हवा त्यापेक्षा थोडा जास्तच पिळून धरा, दुसऱ्याला वरच्या आणि खालच्या फिल्मवरून इस्त्री किंवा हीट गन फिरवायला सांगा आणि गार होईपर्यंत सोडू नका. दोन माणसं लागतातच.

नवखा_पायलट

वाचनखूण साठवली. माझा पहिलाच बांधीव ग्लायडर आहे, २ मीटर पंखविस्तार, फक्त रडर (शेपटाची उभी हलती पट्टी) आणि एलेव्हेटर (शेपटाची आडवी हलती पट्टी). पंखाची कॉर्ड मुळाशी २२० आणि टोकाशी १४० मिमी. प्लॅनवर सीजीची खूणच नाही. "पंखाच्या एक तृतीयांशावर ठेव" असं सगळे सांगतात, पण निमुळत्या पंखात एक तृतीयांश नेमकं कुठलं? मुळाचं की टोकाचं?

घारपंखी

दोन्हीही नाही. सरासरी वायुगतिक कॉर्डचं. सरळ निमुळत्या पंखासाठी सूत्र सोपं आहे. टोकाची कॉर्ड भागिले मुळाची कॉर्ड म्हणजे निमुळतेपणा. तुमच्या बाबतीत १४० भागिले २२०, म्हणजे ०.६३६. याला आपण 'न' म्हणू.

सरासरी कॉर्ड = २/३ × मुळाची कॉर्ड × (१ + न + न²) ÷ (१ + न)

आकडे घातले की सुमारे १८३ मिमी येतात. ही कॉर्ड मध्यरेषेपासून किती अंतरावर येते? पंखविस्तार ÷ ६ × (१ + २न) ÷ (१ + न). म्हणजे जवळजवळ ४६३ मिमी.

आता पंखाची ठेवण बघा. ट्रेलिंग एज सरळ असून लीडिंग एज (पुढची कड) मागे जात असेल, तर १००० मिमीत तो ८० मिमी मागे जातो, म्हणजे ४६३ मिमीवर ३७ मिमी. सरासरी कॉर्डचे ३३ टक्के म्हणजे ६० मिमी. दोन्हीची बेरीज ९७. तेव्हा मुळाच्या लीडिंग एजपासून ९७ मिमी मागे तुमचा सुरुवातीचा सीजी. लीडिंग एज सरळ असेल तर तोच सीजी फक्त ६० मिमीवर येतो. एकाच मापाच्या दोन पंखांत ३७ मिमीचा फरक! "मुळाच्या एक तृतीयांशावर" म्हणजे ७३ मिमी, दोन्हीकडे चुकीचं. तुमचा लीडिंग एज कसा आहे ते आधी बघा.

नवखा_पायलट

ट्रेलिंग एज सरळ आहे. ९७ वर खूण केली. खूप आभार, हे इतकं सुटसुटीत कुणी सांगितलं नव्हतं.

ऊर्ध्वगामी

मांडणी छान झाली आहे. एक भर घालते. ३३ टक्के ही सुरक्षित सुरुवात आहे, अंतिम जागा नव्हे. शेपूट किती मोठं आणि पंखापासून किती लांब, यावर सीजी कुठवर मागे जाऊ शकतो ते ठरतं. (आडव्या शेपटाचं क्षेत्रफळ × पंखापासूनचं अंतर) ÷ (पंखाचं क्षेत्रफळ × सरासरी कॉर्ड) हा आकडा काढून ठेवा. मॉडेल ग्लायडरमध्ये तो साधारण ०.३५ ते ०.६ च्या दरम्यान असतो. ०.५ च्या आसपास असेल तर ३६–३८ टक्क्यांपर्यंतही मॉडेल सुखाने उडतं. ०.३५ असेल तर जपून.

आणि पहिल्या उड्डाणाला सीजी थोडा पुढेच असू द्या. नाक जड असलेलं मॉडेल सुस्त उडतं, पण उडतं. शेपूट जड असलेलं मॉडेल पहिल्या काही सेकंदांत हातातून जातं.

गरमतार

बांधणीबद्दल लिहितो, कारण वजनाचा प्रश्न तिथेच सुटतो. शेपटाकडे प्रत्येक ग्रॅमचा हिशेब ठेवा. सीजीपासून शेपूट ८०० मिमी आणि नाकातली बॅटरी २५० मिमीवर असेल, तर शेपटातल्या १० ग्रॅमना नाकात ३२ ग्रॅम लागतात. एकूण ४२ ग्रॅमचा भुर्दंड. म्हणून शेपटाला सगळ्यात हलका बाल्सा निवडा. बाल्साच्या फळ्या दिसायला सारख्या असल्या तरी घनता घनमीटरला १०० किलोपासून २०० च्या वर कुठेही असू शकते. एकाच गठ्ठ्यातल्या फळ्या तोलून त्यांवर पेन्सिलीने वजन लिहून ठेवा. हलक्या शेपटाला, जड स्पारच्या (पंखाच्या कण्याच्या) आणि लीडिंग एजच्या कामाला. शेपटाला सपाट फळीऐवजी काड्यांची चौकट केली तर आणखी वजन वाचतं. तिथे पातळ हलकी फिल्म वापरा आणि कमी तापमानाला चिकटवा. जाड फिल्म ताणली की चौकट केळीसारखी वाकते.

स्पारबद्दल एक गोष्ट अगदी मनापासून सांगायची आहे. पंख वर वाकतो तेव्हा वरची पट्टी दाबली जाते, खालची ताणली जाते. लाकूड ताण चांगला सोसतं, दाब सोसताना मात्र वरची पट्टी बाजूला फुगून मोडते. तिला जागेवर धरून ठेवतात ते शिअर वेब, म्हणजे दोन पट्ट्यांमधल्या उभ्या बाल्साच्या चकत्या. त्यांचे तंतू उभेच हवेत. आडवे ठेवलेत तर त्या चकत्या तंतूंच्या रेषेत फाटतात आणि मग दोन्ही पट्ट्या वेगवेगळ्या वाकतात, स्पार उरतच नाही. दोरीने वर ओढताना पंख 'टाळी वाजवतात' त्यामागे बहुतेक वेळा हेच असतं. मुळापासून निदान अर्ध्या पंखापर्यंत एकही खण रिकामा सोडू नका. टोकाकडे वाकवणारा जोर झपाट्याने कमी होतो, तिथे पातळ वेब चालतात.

फोमचा पंख करणाऱ्यांसाठी: गरम तारेने कापताना दोन्ही टोकांचे साचे वेगळ्या लांबीचे असतात, त्यामुळे मोठ्या टोकाकडची तार वेगाने सरकली पाहिजे. दोन्ही साच्यांवर सारख्याच संख्येने खुणा करून दोघांनी एकेक आकडा मोठ्याने मोजत पुढे जायचं. तार एका जागी रेंगाळली की तिथे खाच पडते.

नवखा_पायलट

वेब लावताना फक्त एक शंका. ते दोन पट्ट्यांच्या मधोमध बसवायचे की मागच्या बाजूने चिकटवायचे?

गरमतार

दोन्ही चालतात. मधे बसवायचे तर प्रत्येक तुकडा मापात कापावा लागतो, फट राहिली तर उपयोग शून्य. मागून चिकटवणं नवख्याला सोपं, गोंदाला पृष्ठभागही जास्त मिळतो. पांढरा लाकडाचा गोंद वापरा. सायनो पटकन धरतो, पण फटीत नीट भरत नाही आणि धक्क्याला ठिसूळ ठरतो. पंखाच्या जोडनळीपाशी इपॉक्सी.

उतारवारा

बांधणी, सीजी सगळं मान्य. पण पुढे आता 'डाइव्ह टेस्ट' येणार हे दिसतंय, म्हणून आधीच आक्षेप नोंदवतो. त्या चाचणीवर लोक नको तितका विश्वास ठेवतात. निम्म्या वेळा ती सीजीबद्दल नाही, पुशरॉडबद्दल, म्हणजे सर्वो मोटारीपासून हलत्या पट्टीपर्यंतच्या तारेबद्दल, सांगत असते.

घारपंखी

आक्षेप रास्त आहे, आणि म्हणूनच मी लिंकेज (सर्वो ते पट्टी ही जोडणी) आधी घेणार होतो. पण ज्यांना चाचणीच ठाऊक नाही त्यांच्यासाठी ती थोडक्यात.

शांत हवेत, भरपूर उंचीवर, मॉडेल हात सोडून सरळ तरंगेल असं ट्रिम करा. मग नाक ३० ते ४५ अंश खाली करून स्टिक मध्यावर सोडा. मॉडेल झटक्याने वर उसळलं तर नाक जड. हळूहळू मोठ्या कमानीत वर आलं तर ठीक. कोन आणखी तीव्र होत गेला तर शेपूट जड, ताबडतोब सावरा.

हे असं का होतं? नाक जड असलं की तरंगत ठेवण्यासाठी एलेव्हेटर थोडा वर ट्रिम करावा लागतो, किंवा पंख आणि शेपूट यांच्या कोनात जास्त फरक ठेवावा लागतो. वेग वाढला की त्या वर-ट्रिमचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो, नाकाचं वजन मात्र तेवढंच राहतं. म्हणून मॉडेल उसळतं. म्हणजे ही चाचणी खरं तर 'किती वर-ट्रिम दडलंय' हे दाखवते.

उतारवारा

बरोबर, आणि आता माझा मुद्दा. समजा नाक जड आहे, एलेव्हेटर वर ट्रिम केलाय, पण पुशरॉड बारीक आणि लवचिक आहे. डाइव्हमध्ये वेग वाढला की हवेचा दाब एलेव्हेटरला सपाट ढकलतो, मधली तार धनुष्यासारखी वाकते आणि वर-ट्रिम गायब होतं. मॉडेल उसळत नाही, उलट खाली जात राहतं. पायलट म्हणतो "शेपूट जड", आणि आधीच जड असलेल्या नाकात आणखी शिसं भरतो! शेपटाची नळी मऊ असेल तरी तोच प्रकार. उतारावर आम्ही वेगाने उडवतो, तिथे हे फार लवकर उघडं पडतं.

तपासणी सोपी आहे. रेडिओ चालू करा, सर्वो जागेवर धरून राहू दे, आणि एलेव्हेटरला ट्रेलिंग एजपाशी बोटाने हलका दाब द्या. तो हलला तर आधी ते बंद करा. सर्वोचा हात हलतोय का, की मधली तार वाकतेय, ते डोळ्यांनी बघा. तार वाकत असेल तर बाहेरची नळी दर १०० मिमीवर बॉडीला चिकटवा, किंवा कार्बनची कडक पुशरॉड घाला. हे झाल्यावरच डाइव्ह टेस्ट.

घारपंखी

शंभर टक्के सहमत. हा प्रतिसाद मूळ लेखात असायला हवा होता.

सर्किटवाला

लिंकेजचा विषय निघालाच आहे तर भूमितीबद्दल लिहितो.

सर्वोच्या हातावर आतलं भोक, हॉर्नवर (हलत्या पट्टीवरच्या खुंटीवर) बाहेरचं भोक. एवढं लक्षात ठेवलं तरी निम्मं काम झालं. उदाहरण घ्या. सर्वो दोन्हीकडे ४५ अंश फिरतो, हात ८ मिमी, हॉर्न १४ मिमी. पृष्ठभाग सुमारे २४ अंश हलतो, एलेव्हेटरला भरपूर झालं. आता कुणी १६ मिमीचा हात लावून ट्रान्समीटरमध्ये प्रवास ५० टक्के केला, तर हालचाल जवळपास तेवढीच मिळते, पण सर्वोच्या गिअरमधला ढिलेपणा पृष्ठभागावर दुप्पट होऊन पोचतो, रिझोल्यूशन निम्मं होतं आणि हवेच्या दाबाचा सर्वोवरचा ताणही दुप्पट. रेडिओतला प्रवास १०० टक्क्यांच्या आसपास राहील अशीच यांत्रिक जोडणी करा.

हॉर्नचं भोक बिजागरीच्या रेषेच्या बरोबर वर यायला हवं. पुढे-मागे असेल तर वरची आणि खालची हालचाल असमान होते. सबट्रिमने (रेडिओतून सर्वोचा मध्य सरकवून) सर्वोचा हात सरळ करायचा प्रयत्न करू नका. आधी हात दाते बदलून बसवा, उरलेला फरक क्लेव्हिस (पुशरॉडच्या टोकाचा चिमटा) फिरवून घालवा, आणि अगदी शेवटचा केसभर फरक सबट्रिमने.

फ्लॅपला (पंखाच्या मुळाकडच्या हलत्या पट्टीला) मात्र हा नियम मोडायचा. फ्लॅप वर २–३ मिमीच जायला हवा आणि खाली ८० अंशांपर्यंत. सर्वोचा हात मध्यावर ठेवून जोडलात तर अर्धा प्रवास फुकट जातो आणि ब्रेक अर्धेच उघडतात. हात एका बाजूला झुकवून जोडा.

आणि हो, पुढे मोटार असेल तर हे सगळं प्रॉपेलर काढून करा. एक चुकीचा स्विच पुरतो.

ऊर्ध्वगामी

रेडिओतलं सेटिंग मी लिहिते, एलेरॉन आणि फ्लॅप असलेल्या पूर्ण पंखासाठी.

डिफरन्शियल: एलेरॉन वर जितका जातो त्याच्या निम्मा खाली. खाली गेलेला एलेरॉन जास्त लिफ्टबरोबर (उचलीबरोबर) जास्त ओढही (हवेचा अडसर) निर्माण करतो आणि नाक वळणाच्या उलट दिशेला जातं. लांब पंखांच्या ग्लायडरमध्ये हे फार जाणवतं. डिफरन्शियल आणि रडरचा मिक्स, दोन्ही मिळून जमवावं लागतं. मॉडेल समोरून आपल्याकडे येत असताना डावी-उजवी झुलवा. फ्यूजलाज (बॉडी) एका सरळ रेषेत राहून फक्त स्वतःभोवती फिरला तर बरोबर. नाक बाहेर फेकलं जात असेल तर रडर वाढवा.

कॅम्बर (पंखाचा बाक): थर्मलसाठी पूर्ण ट्रेलिंग एज २ ते ३ मिमी खाली, वेगासाठी १ ते २ मिमी वर. याहून जास्त कॅम्बर दिला की ओढ वाढते आणि मॉडेल वाऱ्यात लटकून राहतं. प्रत्येक मोडला एलेव्हेटरचं वेगळं ट्रिम लागेल.

ब्रेक: फ्लॅप खाली ६० ते ८० अंश, एलेरॉन वर १५ अंशांच्या आसपास. ब्रेक उघडताना बहुतेक मॉडेलं नाक वर करतात, म्हणून एलेव्हेटर खाली मिसळावा लागतो. तो सरळ रेषेत वाढत नाही. सुरुवातीला जास्त लागतो, पुढे कमी. रेडिओत कर्व्ह असेल तर तीन-चार बिंदूंचा कर्व्ह बनवा, आणि हे उंचावर जमवा, उतरताना नाही.

नवखा_पायलट

माझ्या ग्लायडरमध्ये यातलं काहीच नाही, फक्त रडर-एलेव्हेटर. काही बिघडतंय का?

ऊर्ध्वगामी

अजिबात नाही! रडर-एलेव्हेटर ग्लायडरने थर्मल शिकण्यात वेगळीच मजा आहे. त्याला फक्त डायहेड्रल (पंखांचा टोकाकडे वर जाणारा कल) भरपूर हवा, कारण रडर फक्त नाक वळवतो आणि मग पुढे आलेल्या पंखाला डायहेड्रलमुळे जास्त लिफ्ट मिळून मॉडेल कलतं. दोन-तीन टप्प्यांत वर वळलेला पंख म्हणूनच असतो. डायहेड्रल कमी असेल तर रडर दिल्यावर मॉडेल फक्त वाकडं सरकतं.

सुरुवातीच्या हालचाली: एलेव्हेटर दोन्हीकडे ८–१० मिमी, रडर २५–३० मिमी. एलेव्हेटरवर थोडा एक्स्पो (स्टिकच्या मध्याजवळ प्रतिसाद मऊ करणारं सेटिंग).

उतारवारा

एअरफॉइल (पंखाच्या छेदाचा आकार) कुठला आहे?

नवखा_पायलट

प्लॅनवर एजी३५ लिहिलंय, टोकाकडे एजी३६.

उतारवारा

उत्तम. ही मालिका मार्क ड्रेला यांची, एक्सफॉइल हा प्रोग्रॅम लिहिणारे तेच. खालची बाजू बरीचशी सपाट असल्याने फळीवर बांधायला सोपी पडते आणि कमी रेनॉल्ड्स आकड्यासाठीच ती आखलेली आहे. आपल्या मॉडेलांचा रेनॉल्ड्स आकडा अंदाजे ७०,००० × वेग (मीटर/सेकंद) × कॉर्ड (मीटर). १८३ मिमी कॉर्ड आणि ७ मीटर/सेकंद म्हणजे सुमारे ९०,०००. मोठ्या विमानांत हा आकडा लाखांत, कोटींत असतो. इतक्या खालच्या आकड्याला हवेचा पातळ थर पंखावरून लवकर सुटतो आणि फुगा तयार होतो. म्हणूनच लीडिंग एजचा आकार फार महत्त्वाचा. तिथे पॉलिश पेपर अंदाजाने फिरवू नका. पुठ्ठ्याचा उलटा साचा कापा, दर दोन रिबांना (पंखाच्या फासळ्यांना) लावून बघा. साच्याखाली उजेड दिसेल तिथे खोलगट, साचा डुगडुगेल तिथे उंचवटा. टोकाकडे जास्त वेळ द्या, तिथे कॉर्ड लहान म्हणून आकडा आणखी कमी.

सर्किटवाला

रिसीव्हर बसवताना दोन गोष्टी. एक, कार्बन २.४ गिगाहर्ट्‌झचा सिग्नल अडवतो. नाक कार्बनचं असेल तर अँटेना बाहेर काढाव्याच लागतील. अँटेनाचं टोकाकडचं उघडं ३१ मिमी हेच काम करतं, ते कार्बनला चिकटून चालत नाही. दोन अँटेना असतील तर एकमेकींना काटकोनात. मग रेंज चेक, आणि तो मॉडेल वेगवेगळ्या बाजूंनी फिरवून करा, फक्त नाक समोर ठेवून नाही.

दोन, फेलसेफ. हे ग्लायडरवाले सर्रास विसरतात. सिग्नल गेला आणि सगळे पृष्ठभाग मध्यावर राहिले, तर नीट ट्रिम केलेला ग्लायडर वाऱ्याबरोबर किती दूर जाईल याला मर्यादा नाही. मोटार बंद आणि ब्रेक उघडे. ब्रेक नसतील तर हलका रडर आणि थोडा एलेव्हेटर वर, म्हणजे मॉडेल जागेवरच गोल गोल उतरेल. नवखा_पायलट, तुम्हाला दुसरा पर्याय लागू. ट्रान्समीटर बंद करून हे जमिनीवर प्रत्यक्ष बघा.

नवखा_पायलट

केलं. मोटार नाही, म्हणून रबराच्या दोरीने उडवणार आहे. हूक कुठे लावू? आणि त्याआधी हाताने फेकून बघू का?

घारपंखी

जरूर. गवतावर, वाऱ्याच्या तोंडाशी, पंख समतल, नाक किंचित खाली, भाला टाकतो तसं सरळ. वर फेकू नका. यातून फक्त मोठा दोष कळतो: मॉडेल एका बाजूला वळतं का, नाक आपटतं का. हाताच्या फेकीवरून सीजी ठरवू नका, वेग दर वेळी वेगळा पडतो.

हूक सीजीच्या पुढे. सुरुवातीला १० मिमी पुढे, मग हळूहळू ५ पर्यंत मागे. जितका मागे तितकी चढाई उभी आणि उंची जास्त, पण मॉडेल दोरीवर डावी-उजवी मारायला लागलं की समजा फार मागे गेला. साधारण ३० मीटर रबरी नळी आणि १०० ते १२० मीटर नायलॉन दोरी ही चालणारी जोडी. मॉडेलच्या वजनाच्या तीन-चार पट ओढ पुरे. स्प्रिंगचा काटा लावून मोजता येते.

सोडताना नाक वर, पंख समतल, आणि एलेव्हेटरला हात लावू नका. ते आपोआप चढलं पाहिजे.

गरमतार

आणि वाऱ्याच्या दिवशी ओढ कमी ठेवा, पंखावरचा भार वारा स्वतःच वाढवतो. वर म्हटलेले शिअर वेब इथे कामाला येतात.

नवखा_पायलट

धागा वर काढतोय. ग्लायडर उडाला! संध्याकाळची शांत हवा होती, दोरीवरून सरळ वर गेला, हूक सुटला आणि तरंगत राहिला. सीजी ९७ वर. पुशरॉडची नळी उतारवारा यांनी सांगितल्याप्रमाणे चिकटवून घेतली होती.

डाइव्ह टेस्टमध्ये तो जोरात वर उसळला. एलेव्हेटरचं ट्रिम बघितलं तर २ मिमी वर आहे. आता नाकातलं शिसं काढायचं ना?

ऊर्ध्वगामी

अभिनंदन! हो, पण थोडंथोडं. सीजी दर वेळी २–३ मिमी मागे, मग पुन्हा ट्रिम, पुन्हा चाचणी. एकदम मोठा तुकडा काढू नका. आणि फक्त डाइव्हवर जाऊ नका, वळणात कसा वागतो तेही बघा. सीजी मागे गेला की मॉडेल थर्मलच्या कडेला शेपूट उचलून हवा दाखवायला लागतं. ते स्पष्ट दिसायला लागलं आणि एलेव्हेटर अजून नाजूक झालेला नाही, तीच तुमची जागा. माझ्या मते नवख्याने डाइव्हमध्ये हलकीशी उसळी राहू द्यावी.

उतारवारा

+१. थोडी उसळी म्हणजे नजर हटली तरी मॉडेल स्वतःला सावरतं.

वाऱ्याच्या दिवशी बॅलास्ट (जादा वजन) घालाल तेव्हा तो बरोबर सीजीवर घाला. वजनाने ग्लाइडचा कोन फारसा बदलत नाही, तोच कोन जास्त वेगाने मिळतो. स्टॉलचा वेग वजनाच्या वर्गमुळाने वाढतो, म्हणजे वजन २१ टक्के वाढलं तर वेग १० टक्के. वाऱ्यावर पुढे सरकायला तेवढं पुष्कळ.

नवखा_पायलट

सीजी १०३ वर आणला. आता डाइव्हमधून सावकाश वर येतो आणि वळणात पूर्वीपेक्षा खूपच हलका वाटतो. एलेव्हेटर मात्र आता अर्धा मिमी खाली ट्रिम झालाय. तसाच ठेवू की काही करू?

घारपंखी

छान बसलाय. सरासरी कॉर्डच्या ३६ टक्क्यांवर आलात. ऊर्ध्वगामी यांनी दिलेल्या सूत्राने शेपटाचा आकडा एकदा काढा. ०.५ च्या जवळ असेल तर इथेच थांबा, ०.४ च्या खाली असेल तर दोन-तीन मिमी पुढे घ्या.

खाली ट्रिमचा अर्थ असा की पंख आणि शेपूट यांच्यातला कोन आता गरजेपेक्षा जास्त आहे. आधी जड नाकाला तो कमी पडत होता, म्हणून ट्रिम वर होतं. अर्धा मिमी तसाच राहिला तरी चालेल, पण पंख बोल्टचा असेल तर काम पाच मिनिटांचं आहे. पंखाच्या मागच्या बोल्टखाली प्लायची पातळ पट्टी सरकवा. पंखाचा मागचा भाग उचलला की आपात कोन कमी होतो. मुळाच्या २२० मिमी कॉर्डवर १ मिमी उचललं तर पाव अंशाच्या थोडं वर. आधी अर्ध्या मिमीची पट्टी घाला, एकदा उडवा. ट्रिम शून्यावर आलं की पट्टी सायनोने कायमची बसवा, क्लेव्हिसवर सिलिकॉन नळीची रिंग चढवा आणि सगळ्या हालचाली पुन्हा मिमीत मोजून बॉडीच्या आतल्या बाजूला पेनाने लिहून ठेवा. सर्वो बदलायची वेळ आली की तेच आकडे लागतील.